आवरणं कामात धरायचं की नाही

वन्सं, शुद्धलेखनाच्या चुका दिसतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर मी शाळा सोडली ती सोडलीच. अक्षर तर तुम्हाला माहीतच आहे. वाण्याची यादी मी लिहिली की तुम्ही चष्मा लावून वाचायचात आणि म्हणायचात, "शुभांगे, ही तूरडाळ आहे की मुंगी शाईत पडून चालत गेलीय?" मग स्वतःच नवी यादी लिहायला बसायचात. त्यामुळे चार ओळींच्या पुढे मी कधी काही लिहिलंच नाही. आज लिहितेय, कारण बोलायला कोणी नाही आणि हात नुसते ठेवून बसवत नाही.

आज सोमवार, दुकान बंद. सकाळपासून ओटा पुसून झाला, पुन्हा पुसून झाला. तुमच्या कॉटवरची चादर काढून झटकली आणि तीच परत घातली. वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या. गॅलरीत जाऊन आले. खाली परळचा रस्ता नेहमीसारखाच वाहतोय. आत आले आणि कशासाठी आले तेच आठवेना.

हे असं होतंय कारण काल त्या सर्व्हेवाल्या मुलीचा फोन आला. "काकू, आमची दुसरी फेरी आहे. पुढच्या सोमवारी घरी असाल ना दोघी?" दोघी म्हणाली ती. मी हो म्हणून फोन ठेवला. तुम्ही नाही हे सांगायचं राहिलंच. माझं असंच होतं. बोलायची वेळ येते तेव्हा तोंडातून हो निघतं आणि बाकीचं पोटात राहतं.

पहिल्यांदा ती आली ते दिवस उन्हाळ्याचे होते. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. तुम्ही तिला खुर्ची दिलीत, पंखा तिच्याकडे वळवलात आणि मला सरबत करायला पिटाळलंत. सरकारला बघायचं होतं की दुकानांत, हॉटेलांत, ऑफिसांत माणसं आठवड्याला किती तास काम करतात. ती एकेक वार घेऊन विचारत होती.

"मंगळवारी किती तास, काकू?"

"आठ."

"बुधवारी?"

"आठच. रोज आठ. सोमवारी सुट्टी."

"आणि या काकूंचे?"

"तिचे पण तेवढेच. एकाच दुकानात आहोत आम्ही."

मी ग्लास हातात घेऊन दारात उभी. वन्सं, दहाला आपण हिंदमाताच्या साडीच्या दुकानात पाय ठेवायचो. नऊला शटर अर्धं खाली यायचं. मग आपण दोघी साड्या आवरायला लागायचो, ते घड्याळात दहा वाजेपर्यंत. आठ कुठून आणलेत तुम्ही? मी तुमच्याकडे बघत होते आणि तुम्ही पंख्याकडे. ती मुलगी म्हणाली, "म्हणजे आठवड्याचे अठ्ठेचाळीस." तुम्ही म्हणालात, "अगदी बरोबर," जसं काही तिचं गणित तपासलंत.

ती जिना उतरली तशी मी म्हणाले, "वन्सं, आठ?"

"मग किती?"

"दहा ते दहा होतात."

"अगो, पण त्यातलं काम किती? दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा आपण बसलेल्याच असतो. बसणं हे काम? साडी दाखवली, विकली, ते काम. नंतरचं काय, आवरणं."

"आवरणं काम नाही?"

"नाही."

"मग काय आहे ते?"

"आवरणं आहे," तुम्ही म्हणालात.

मी भांडी आपटली थोडी. तुम्ही आतून ओरडलात, "हां, त्या भांड्यांचे पण तास लाव. बिल पाठव दिल्लीला."

"लावीनच."

"लाव, लाव. त्यातले माझे किती देशील? कोथिंबीर मी निवडलीय."

मला हसू आलं आणि भांडण तिथंच राहिलं. तुमची हीच खोड. माणूस जरा कुठं तोंड उघडायला लागलं की तुम्ही हसवून ते बंद करायचात. मी दिवसभरात दहा वाक्यं बोलणारी बाई. त्यातलं एखादं तरी पुरं होऊ द्यायचं होतं.

भाजी खाली लागली. बघून आले. आता एकटीपुरती भाजी करायची म्हणजे अंदाजच येत नाही.

खरं सांगू? त्या शेवटच्या तासाचा मला राग यायचा. पायांच्या शिरा ताठलेल्या असायच्या. आणि गादीवरच्या पांढऱ्या चादरीवर साड्यांचा तो डोंगर. नवरी, नवरीची आई, आत्या, दोन मावश्या, सगळ्यांनी सगळं उलगडून बघितलेलं आणि "जरा पुढे बघून येतो" म्हणून गेलेल्या. नेहमीच्या साड्या एकेकटीने आवरता येतात, पण जड सिल्कला दोघी लागतात. तुम्ही एक टोक धरायचात, मी दुसरं. ताणून धरायचं, मग चालत एकमेकींकडे यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागं जायचं. प्रत्येक साडीला आपण अशा समोरासमोर यायचो आणि तेवढ्यात तुम्ही दिवसभरातलं एखादं गिऱ्हाईक करून दाखवायचात. "हाच रंग दाखवा, पण वेगळ्यात." "तशी छान आहे हो, पण मला आवडली तर सासूला नाही आवडणार." टोक माझ्या हातात देताना डोळे असे बारीक करायचात की माझ्या हातून घडी सुटायची. मग तुम्हीच ओरडायचात, "लक्ष कुठाय तुझं?"

घरी आल्यावर आपण जेवून आडव्या व्हायचो. सकाळी घाईच. नीट बोलणं व्हायचं ते त्या एका तासात. ते मला आता कळतंय, आणि आता कळून काय उपयोग म्हणून मी परत उठते आणि ओटा पुसते.

श्रावणात तुम्हाला हॉस्पिटलात टाकलं तेव्हा मी शेठकडे उचल मागायला गेले. पुढच्या पगारांतून कापून घ्या, एवढं वाक्य मी पुलाखालून चालताना पाठ केलं होतं. शेठसमोर ते पण पुरं झालं नाही. शेठ वाईट माणूस नाही. "कुसुमताईंसाठी ना? घेऊन जा," म्हणाले. पैसे देता देता बोलले, "त्यांनी पण घेतली होती की एकदा. तुमच्या मिस्टरांच्या आजारपणात. मोठी उचल होती. मी म्हटलं, ताई, व्याज नको. तर म्हणाल्या, फुकट नको, मी रोज आवरून जाईन. त्याच्या आधी गोडाऊनची पोरं सकाळी आवरायची. त्यांच्या हाताला कुठं ती घडी? तेव्हापासून आपल्याला टेन्शनच नाही." ते कौतुकाने सांगत होते. "उचल तर कधीच फिटली. पण सवय बघा बाईंची!"

वन्सं, मी तिथून कशी निघाले ते मला आठवत नाही.

तुमचे भाऊ गेले तेव्हा माझी मनीषा शाळेत होती. आज तिची मुलगी शाळेत जाते. ते गेल्यावर तुम्ही मला दुकानात घेऊन गेलात. पहिल्या दिवशी सांगितलंत, "नऊला शटर खाली, मग आवरायचं." मला वाटलं दुकानाचा नियमच आहे. इतकी वर्षं मी त्या नियमावर मनातल्या मनात चिडत होते. माझ्या नवऱ्याच्या औषधांचं व्याज होतं ते. तुम्ही घातलेलं, तुम्हीच फेडलेलं, आणि फेडून झाल्यावरही चालू ठेवलेलं. का, ते एकदा सांगायचं होतं. ओशाळवाणं वाटत होतं थांबायला? की शेठ काही म्हणतील याची भीती होती? की विसरलातच तुम्ही, कशासाठी सुरू केलं होतं ते? मी रागावू की पाया पडू, हे मला अजून ठरवता येत नाही. एकदा हे वाटतं, एकदा ते.

हॉस्पिटलात मी विचारणारच होते. तुमच्या नाकात नळी होती आणि बोटं चादरीच्या काठाला काठ जुळवत होती. माझ्या आधी तुम्हीच विचारलंत.

"शेठनं दिली?"

"दिली."

"व्याज?"

"नको म्हणाले."

"तू काय बोललीस मग?"

"मी काय बोलणार? आवरतेच आहे की रोज."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुमच्या तोंडावरून मला समजलं की शेठ माझ्याकडे काय बोलले ते तुम्हाला समजलं. मग तुम्ही हात उचललात आणि म्हणालात, "शुभांगी, ती उचल फिटली की..."

तेवढ्यात नर्स आली. "चला बाई, भेटायची वेळ संपली." पुढे दोन दिवस तुम्हाला बोलायला बंदी होती, मग तुम्ही घरी आलात तेव्हा दम इतका लागायचा की मीच बोलू देत नव्हते. मला वाटलं, बऱ्या झाल्यावर विचारू. नवरात्र बसायच्या आत तुम्ही गेलात.

फिटली की काय, वन्सं? फिटली की निघ? फिटली की शेठला सांग? की फिटली की पेढे आण? तुमचा काही नेम नव्हता, मरता मरता पेढे मागणाऱ्यातल्याच तुम्ही. मी रस्त्याने चालताना हे वाक्य पुरं करत असते. हिंदमाताला पोचेपर्यंत एक होतं, परत येताना दुसरंच.

तुम्ही गेलात त्या दिवशी चाळीतल्या बायका म्हणाल्या, नवीन साडी नेसवा. ती मोतिया रंगाची, बारीक काठांची होती ना, तुम्ही आपल्याच दुकानातून घेतलेली, घडी मोडायला मुहूर्त मिळत नव्हता, तीच काढली. घडी मी मोडली. अख्खं आयुष्य तुम्ही लोकांच्या साड्यांच्या घड्या घातल्यात. ही एकच, जी पुन्हा घालायची नव्हती. नेसवून झाल्यावर माझे हात तरीही टोक शोधत होते. सगळ्या म्हणत होत्या, "शुभांगी, आवर. आवर स्वतःला." मला त्यात हसू फुटलं. बायका घाबरल्या. मी त्यांना काय सांगणार? मी तुम्हाला विचारत होते, वन्सं, हे तरी कामात धरायचं की नाही?

*

आज परत सोमवार. ती मुलगी येऊन गेली.

दारातच म्हणाली, "कुसुमकाकू कुठायत?" आणि मग तिला तुमचा फोटो दिसला, हार घातलेला. ती सॅक खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली. मी म्हटलं, "बस." पंखा तिच्याकडे वळवला. तुमच्यासारखं सरबत काही मला जमलं नाही, चहा केला.

"काकू, मला त्यांचं नाव कमी करावं लागेल," ती हळूच म्हणाली. तिने टॅबवर बोट फिरवलं. "झालं." इतक्यात झालं. तिचा काही दोष नाही.

मग ती वार विचारायला लागली. गेला आठवडाभर मी याच गोष्टीला भीत होते. आठ म्हटलं असतं तर सोपं होतं. तुमचा शब्द राहिला असता, आणि मला जास्त बोलावं लागलं नसतं. खरं सांगितलं तर तुम्हाला खोटं पाडल्यासारखं होणार, त्यातून हे शेठपर्यंत पोचलं तर? माझी उचल अजून पुरती फिटलेली नव्हती. पण आठ म्हटलं असतं तर तो शेवटचा तास कुठं गेला असता? तुम्ही माझ्याकडे चालत यायचात तो? तो झालाच नाही असं माझ्या तोंडून निघणार होतं.

"मंगळवारी किती तास, काकू?"

मी फोटोकडे न बघता म्हणाले, "दहाला जाते. दहाला निघते."

"रात्रीचे दहा?"

"हो. मध्ये अर्धा तास जेवायला."

तिने टॅबमध्ये बघितलं. "मागच्या वेळी आठ आहेत. काम वाढलं का?"

"नाही गं. काम तेवढंच आहे."

मला वाटलं आता संपलं. पण मीच पुढं बोलले, वन्सं. मी. "दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा बसलेल्याच असतो. ते धरतात का?"

"तेव्हा घरी जाता येतं तुम्हाला?"

"छे."

"मग धरायचं."

"आणि शटर खाली आल्यावर आवरतो ते?"

"म्हणजे काय करता?"

मी तिला दाखवलंच. दोरीवरची साडी घेतली, एक टोक तिच्या हातात दिलं, एक मी धरलं. तिला वाटलं मी खेळतेय. दोनदा पुढं-मागं झाल्यावर तिच्या लक्षात आलं. "असं रोज? तासभर?" मग विचारलं, "त्याचे वेगळे पैसे?"

"नाही."

तिने साडीचं टोक माझ्या हातात दिलं आणि टॅब उचलला. "काकू, लिहू?"

"लिही," मी म्हणाले. मोठ्याने निघालं ते. शेजारच्या खोलीतला टीव्ही थांबला की मला तसा भास झाला, माहीत नाही. "सगळं धर."

तिने बेरीज केली. आठवड्याचे एकोणसत्तर. मी विचारलं, "मागचे वन्संचे बदलून देशील? त्यांचे पण एवढेच होते."

"ती फेरी बंद झाली, काकू. आता नाही उघडत."

म्हणजे तुमचे अठ्ठेचाळीसच राहिले. सरकारच्या हिशोबात तुम्ही आठ तास काम करून संध्याकाळी सहाच्या उन्हात घरी परत येणाऱ्या बाई आहात. राहू दे. मला ते चित्र बघायला आवडलं असतं.

जाताना मी तिला विचारलं, "तुझे गं किती तास?"

"माझे कोण विचारतंय!" ती चपला घालत म्हणाली. "आता इथून लालबाग, मग भायखळा. रात्री घरी बसून सगळं अपलोड करायचं."

"ते धरतात?"

ती हसली. "ते आवरणं, काकू."

तुम्ही असता तर तिला पेढा दिला असतात.

*

दोन दिवस झाले. पगार झाला.

लग्नसराईची गर्दी होती. नऊला शटर अर्धं आलं आणि गादीवर डोंगर होताच. तुम्ही गेल्यापासून जड साडी मी एकटीच आवरते. एक टोक हनुवटीखाली दाबायचं आणि दोन्ही हात लांब करून दुसरं ओढायचं. मान अवघडते. काल एक जांभळी पैठणी तशी हनुवटीखाली धरलेली असतानाच शेठनी हाक मारली.

पाकीट देताना म्हणाले, "शेवटचा हप्ता कापलाय हां."

मी पाकीट घेतलं आणि परत गादीजवळ आले. पाय आपोआप आले. पैठणीचं एक टोक उचललं आणि समोर बघितलं. समोर कोणी नव्हतं. दुसरं टोक चादरीवर पडलेलं. मला वाटलं होतं मी तिथं तरी तुम्हाला भेटत असेन, रोज त्या तासाला. म्हणून तर मान दुखली तरी आवरत होते. पण तुम्ही तिथं नव्हता, वन्सं. नुसती साडी होती, शेठची.

मी टोक खाली ठेवलं. हळूच, चुरगळणार नाही असं. पर्स घेतली.

शेठनी वर बघितलं. "आवरलं एवढ्यात?"

तुम्ही टाकलेलं ते अर्धं वाक्य जिभेवर होतं, तेच पुढं केलं. "शेठ, उचल फिटली ना?"

"हो. म्हटलं ना, शेवटचा हप्ता."

"पूर्ण?"

"पूर्ण, शुभांगीबाई. काही बाकी नाही."

"आणि वन्संची?"

ते जरा गोंधळले. चष्मा काढला. गादीवरच्या डोंगराकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या पर्सकडे.

"कुसुमताईंची तर कधीच फिटली," ते म्हणाले.

"मग मी निघते. सकाळी दहाला येते," मी म्हणाले आणि वाकून शटरखालून बाहेर पडले. दोघींची फिटली, वन्सं. पै न् पै.